मूठ आणि तराजू

तंजावरच्या सांबाराची गोष्ट आपण सर्वांनीच ऐकलेली असते. तिथल्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, आमटीत चिंच पडली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले! गोष्ट गोड, पण आख्यायिकाच. कागदावरचा पुरावा वेगळाच आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) मुदपाकखान्यातल्या पाककृतींचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहे. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले, पण चव लिहून ठेवली होती म्हणून उरली.

मागे तंजावरला गेले, तेव्हा एका मराठी घरी जेवायचा योग आला. पानात रसवांगी होती. नावात आपले वांगे, चवीत तिकडची चिंच! वाढता वाढता आजींनी त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारले, मसाला घरी कुटता की विकत आणता?

मी जरा घुटमळलेच. आमच्या घरात वादाचा विषय तोच. आईच्याने आता धणे-खोबरे भाजत तासन्‌तास उभे राहवत नाही. वहिनी नोकरी करते, ती पाकीट आणते. आई बोलत नाही, पण त्या दिवशी आमटी पानात तशीच राहते.

खरे तर पाकिटातला मसालाही कुणाच्या तरी घरातूनच निघालेला असतो. बेडेकरांचे गिरगावातले दुकान १९१०चे. पुण्यात १९६२ मध्ये हुकमीचंद चोरडियांनी पत्नी कमलबाईंच्या साथीने मसाल्याचा धंदा उभा केला. अशी घराणी पुढे हॉटेले आणि फरसाणवाल्यांनाही माल पुरवू लागतात, तेव्हा मुठीचा अंदाज चालत नाही. गिऱ्हाइकाला प्रत्येक पोत्यात तीच चव हवी असते आणि मिरची तर दर हंगामाला वेगळी! मग तिचा रंग, तिखटपणा आणि ओलावा तपासून मिश्रण जुळवावे लागते. दळताना मसाला तापला, तर सुगंधी तेल उडून जाते, म्हणून चक्कीही थंड ठेवतात. बाप मुलाच्या हाती देतो ती नुसती चव नव्हे, तिचे वजनही देतो.

आईचा मसाला मात्र फक्त तिच्या मुठीत आहे. दगडफूल किती? “चिमूटभर.” धणे? “अंदाजाने गं!” तिच्यानंतर तो अंदाज कुणाजवळ?

गेल्या रविवारी वहिनीने स्वयंपाकघरात वजनकाटा मांडला. आई मूठ भरी, वहिनी तोली, मी वहीत लिही. “मसाला काय असा मोजून होतो का?” आई आधी हसली. मग तिळांची मूठ तिने परत डब्यात ओतली आणि पुन्हा, जरा बेताने, भरली.

तुमच्या घरी अशी एखादी मूठ असेल, तर वही आजच काढा.