बाबांसाठी जाकीट

सध्या आमच्याकडे जाकीट-संशोधन चालू आहे. बाबांची सायकल जूनमध्ये जिन्याखाली जाते ती दसऱ्यालाच बाहेर येते. सकाळचं फिरणंही बंद. तोवर गुडघे आखडतात, आणि सत्तरीनंतर ते मोकळे व्हायला दरवर्षी जास्तच दिवस लागतात.

रेनकोट नको, कारण "घामानं भिजण्यापेक्षा पावसानं भिजतो की!" त्यावर उपाय म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणलं आणि सच्छिद्र पापुद्रा मिळाला. त्याचंच पुढे गोर-टेक्स झालं. छिद्रं इतकी बारीक की थेंब शिरत नाही, वाफ मात्र निसटते. पण बाहेरची हवा आतल्याहून कोरडी असेल तरच! पुण्यात जुलैची हवाच ओलीचिंब.

म्हणून मी महागड्या पापुद्र्यापेक्षा काखेतल्या चेनी बघतेय. शिवणींवर आतून पट्टी, वाकल्यावरही पाठ झाकेल एवढी लांबी, डोक्याबरोबर वळणारी टोपी आणि पिवळाधमक रंग.

थोडा घाम येणारच, बाबा. पण वारा अडेल, अंग गार पडणार नाही. आणि सायकल जिन्याखाली जाणार नाही.