गोदाकाठचा दगड, समुद्राचा तळ

राजमुंद्री

ती. आईस सा. न.

नाशिकला रामकुंडापाशी पायऱ्यांमधून वाहणारी गोदा इथे इतकी रुंद झाली आहे की पलीकडचा काठ धूसर दिसतो. पण गाव ओलांडून काटेरूच्या खाणींवर गेले की समोर येतो तो अगदी ओळखीचा काळा कातळ.

तो इथे असावा, हेच नवल. दख्खनचा सलग कातळ इथून सुमारे चारशे किलोमीटर अलीकडेच संपतो आणि मधल्या मुलखात फार जुने, वेगळे खडक आहेत. भूवैज्ञानिकांनी या दगडाचे रसायन तपासले, तेव्हा तो सह्याद्रीतल्या आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळला. काळारामाचे देऊळ ज्या रामशेजच्या दगडाने बांधले, ते नाशिककडचे थर त्याच्याही खालचे, म्हणजे आधीचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिमेकडून निघालेला लाव्हा जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून हजार किलोमीटरहून जास्त वाहत आला आणि तेव्हाच्या समुद्रकाठापर्यंत पोचला, असे स्टीफन सेल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडले. पृथ्वीवर माहीत असलेल्या लाव्हाप्रवाहांत इतका लांबवर गेलेला दुसरा नसावा.

खाणीच्या भिंतीला डोळा लावून पाहावे. खाली काळा थर, वर काळा थर आणि मधे फिकट चुनखडीचा पट्टा. त्या पट्ट्यात शिंपल्यांचे तुकडे रुतलेले आहेत. लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळात इथे उथळ समुद्र होता, जीव वाढत होते. मग पुन्हा लाव्हा आला. गेर्टा केलर यांच्या गटाला याच थरांत फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म सागरी जिवांची कवचे मिळाली, तीही डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर लगेचच्या काळातली.

ही भिंत उघडी पडली ती खडीसाठी सुरुंग लावले म्हणून, आणि संपेल तीही त्याच पायी. एखादा कोपरा तरी राखलाच पाहिजे. लाव्हाच्या दोन थरांमधला समुद्रतळ कोरड्या पायांनी पाहायला मिळेल अशा जागा आपल्या देशात फार नाहीत.

अंतर्वेदी

ती. आजीस सा. न.

आजी, तुझी गंगा, म्हणजे आपली गोदावरी, त्र्यंबकहून १,४६५ किलोमीटर चालून समुद्राला मिळते; तिचा वसिष्ठ गोदावरी हा फाटा इथला. काठचा गाळ बोटांत चोळला तर साबणासारखा गुळगुळीत लागतो. बेसॉल्ट झिजून जी चिकट माती होते, जी आपल्याकडे उन्हाळ्यात भेगाळते, तिचा यात मोठा वाटा आहे. जवळच्या राझोल गावाचे नाव एका खडकाला मिळाले आहे: तेलासाठी खोदलेल्या विहिरींत जमिनीखाली आणि पुढे समुद्रतळाखालीही तोच लाव्हा लागतो. त्यावर कोट्यवधी वर्षांचा गाळ साचला आहे.

२००६ साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने इथल्या समुद्रात तळ खणला. एका जागी चिकणमातीच्या फटींमध्ये गॅस हायड्रेट मिळाले. हा मिथेन कोंडलेला बर्फच. काडी लावली तर पेटतो. वर्तमानपत्रांना त्याचे अप्रूप वाटले ते साहजिकच. पण गोदाकाठच्या माणसांसाठी त्याच मोहिमेतला चिखलाचा एक उभा नळा जास्त मोलाचा आहे. नदीच्या मुखासमोर, सव्वा किलोमीटरहून खोल पाण्यातून तो वर काढला. लिव्ह्यू जोसान आणि सहकाऱ्यांनी त्यातले पानांवरचे मेण तपासले. गेल्या चार हजार वर्षांत खोऱ्यातली झाडी कोरड्या हवेला सोसणारी होत गेल्याचे दिसले. मातीतल्या निओडिमियम या मूलद्रव्यावरून ती कुठली हेही कळले: दख्खनच्या मातीचा वाटा याच काळात वाढला, आणि गाळही झपाट्याने साचू लागला.

पाऊस उणावत होता आणि त्याच काळात खोऱ्यात शेती पसरत होती. या दोन्हींमुळे माती उघडी पडली, असे जोसान यांच्या गटाचे २०१७ मधले म्हणणे. ते शेतकरी परके नाहीत. हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी १९५०-५१ मध्ये जोर्वे इथे आणि आपल्या घरासमोर, नदीपलीकडच्या मातीच्या गढीत उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या याच लोकांची भांडी हाती लागली होती.

आता हा गाळ पूर्वीइतका येत नाही. गंगापूर, जायकवाडी आणि खालची कितीतरी धरणे तो अडवतात. इकडे त्रिभुज प्रदेशाचा किनारा बऱ्याच ठिकाणी मागे हटत चालला आहे आणि समुद्र नारळीच्या बागांत शिरतो आहे.