सदाफुलीची पानं

आमच्या परसात न्हाणीच्या मोरीकडेला सदाफुली होती. तिला कुणी मुद्दाम पाणी घातलं नाही. मोरीच्या पाण्यावरच ती बारा महिने फुलायची.

थोरल्या चुलतीला आम्ही जिजी म्हणायचो. पहाटे उठली की तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची आणि चुलीपुढं बसून दातांना लावायची. "त्याबिगर कामाला हात उठत न्हाई," म्हणायची.

मी नववीत असताना तिच्या गालाला आतून पांढरा चट्टा पडला. मग तिथं जखम झाली. तिखट लागेना, भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात बघितलं आणि अप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "उशीर करू नका. मुंबईला टाटात न्या. तुकडा काढून तपासावा लागंल."

बाजरी काढणीला आलेली, हातात पैसा नाही. त्यात कुणीतरी म्हणालं, "गाठीला लोखंड लागलं की ती पसरती." ते सगळ्यांना लगेच पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

पलीकडच्या गावात एकजण औषध द्यायचा. रोज अनशापोटी सदाफुलीची सात पानं वाटून, वर त्याची काळी पुडी. पैसे मागायचा नाही, नारळ घ्यायचा. पुडी आणायला सायकलवर मीच जायचो. पानंही मीच वाटायचो. जिजी तो कडूजहर रस डोळे मिटून गिळायची. "पोराच्या हातचं हाय, गुण येणार."

पंधरा दिवस बरं वाटलं. मग जबडा उघडेना, दोन बोटंही तोंडात जाईनात. टाटात नेलं तोवर चार महिने गेले होते. तिथले डॉक्टर रागावले नाहीत. "आधी आणलं असतं तर कापून काढता आलं असतं," एवढंच बोलले. पाडव्याच्या आधी जिजी गेली.

पुढं नोकरीला लागल्यावर वाचनात आलं, की सदाफुलीत औषध खरंच आहे. साखरेवर गुण येतो का हे बघायला कॅनडात तिचा अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हाती लागलं, पाठोपाठ व्हिंक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते शिरेतून देतात, तेही मिलिग्रॅममध्ये मोजून. ढीगभर वाळल्या पानांतून ते चिमूटभर निघतं. वाटलेल्या पानात त्याचा ना हिशेब, ना भरवसा. विष मात्र असतं. हे वाचलं त्या रात्री जेवण गेलं नाही.

सदाफुली मी उपटली नाही. तिचा काय दोष? परवा शेजारची सूनबाई वाटी घेऊन दारात आली. "दादा, सासूबाईंच्या छातीत गाठ आलीया. पानं देता का?"

"पानं न्हाई देणार," मी म्हणालो. "सकाळी सहाची एसटी हाय. म्हातारीला तयार ठेव, मी संगं येतो."