दोरा आणि चेहरा

पाचोडच्या मोसंबी बाजारात आमचे जाणे तसे नित्याचेच. गेल्या वर्षी आंबिया बहराची फळे आली तेव्हाही पिशवी घेऊन आम्ही गेलो होतो. रस्त्याच्या कडेला ढीग मांडून बसलेली एक ओळखीची बाई, जिची तिन्ही बाळंतपणे आमच्याच हातून झालेली, आमच्याकडे पाहून काहीशा धास्तीने म्हणाली, "काहून रागावल्या जी बाई? भाव जास्ती सांगितला का म्या?" वास्तविक त्या दिवशी आमच्याइतके आनंदी माणूस साऱ्या बाजारात शोधून सापडले नसते. मुलाच्या लग्नाची तारीख ठरल्याचा फोन सकाळीच आला होता. जानेवारीत, उपवासकाळ लागण्याच्या पुष्कळ आधी, पुण्यात लग्न. ही बातमी तिला सांगावी म्हणूनच आम्ही तिच्या ढिगापाशी थांबलो होतो.

एकदाच असे घडते तर विसरून गेलो असतो. पण त्याच महिन्यात बँकेतल्या तरुण कारकुनाने आम्हांला आपणहून खुर्ची देऊन प्रकृतीची चौकशी केली. नातीने आमचे चित्र काढले त्यात ओठांची कमान उलटी काढली, आणि कारण विचारताच "आजी, तू अशीच तर असतेस" असे शांतपणे सांगितले. त्या रात्री आम्ही आरशापुढे दिवा धरून बसलो. छत्तीसहून अधिक वर्षे परिचारिकेची नोकरी केल्यामुळे स्वतःकडेही रुग्ण म्हणून पाहण्याची खोड लागली आहे. स्त्री, वय 62. ओठांचे कोपरे खाली ओढलेले. नाकपुडीपासून ओठांपर्यंत खोल घडी. जबड्याच्या कडेवर मांस ओघळलेले, उजवीपेक्षा डावीकडे अधिक.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. सुरकुत्यांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच की हा चेहरा हल्ली आमच्या वतीने परस्पर बोलू लागला आहे, आणि तो जे बोलतो ते खरे नाही. परिचारिकेचा अर्धा व्यवसाय चेहऱ्यावर चालतो. घाबरलेले मूल सुईकडे पाहत नाही, सिस्टरच्या तोंडाकडे पाहते. ज्या चेहऱ्याने आम्ही एवढी वर्षे माणसांना धीर दिला, त्यालाच पाहून आता मोसंबी विकणारी बाई दचकते, याचे आम्हांला वाईट वाटले.

पुण्याची भाची आली तेव्हा तिच्यापाशी हे दुःख बोलून दाखवले. तिच्याकडे उत्तर तयारच होते. "मावशी, आता त्यासाठी मोठं ऑपरेशन लागत नाही. गालात दोरे घालतात, तासाभराचं काम. शनिवारी करून घ्यायचं आणि रविवारी मिस्साला हजर!" रविवारची तिची खात्री फाजील होती, हे पुढे कळलेच.

दोरा म्हटले की आमचे कुतूहल जागे होते, कारण आमचा जन्म दोऱ्यात गेला. 1984 मध्ये नोकरीस लागलो तेव्हा आतल्या टाक्यांना कॅटगट असे. नावात मांजर असले तरी तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून काढतात. पाकीट फोडताच येणारा त्याचा स्पिरिटचा वास अजून नाकात आहे. कातडीवर काळे रेशीम किंवा नायलॉन. पुढे आपोआप विरघळणारे कृत्रिम दोरे आले, आणि त्यांतलाच एक पॉलिडायऑक्सॅनोनचा. पोटाच्या आतल्या थरांसाठी तो फार उपयोगी, कारण तो सावकाश विरघळतो आणि तोवर जखमेला धरून ठेवतो. भाचीच्या पत्रकात हेच नाव वाचून जुना सहकारी अनपेक्षितपणे भेटावा तसे आम्हांला झाले.

या खेपेस त्याला काटे होते. गवतातून चालताना लुगड्याच्या काठात कुसळ शिरते ते पुढेच सरकते, मागे ओढले तर अडते. या दोऱ्याचे काटे नेमके तसेच. कानशिलापाशी बारीक छिद्र पाडून, बोथट सुईतून तो कातडीखालच्या चरबीत खाली नेतात, मग वरून ताणतात, आणि काटे त्या ओघळलेल्या थराला धरून बसतात. जॉर्जियाचे शल्यविशारद मार्लेन सुलामनिद्झे यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस असे काटेरी दोरे चेहऱ्यासाठी प्रचारात आणले. ते न विरघळणारे होते. विरघळणाऱ्या दोऱ्यांचा प्रसार पुढे कोरियातून झाला.

नोव्हेंबरात आम्ही आडूळमार्गे छत्रपती संभाजीनगरास गेलो. (जीभ अजून औरंगाबादच म्हणते.) त्वचारोगाच्या डॉक्टर वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी आमच्या हाती आरसा दिला, दोन्ही कानशिलांवर बोटे टेकवली आणि कातडी अलगद वर ओढली. आरशात 1998 सालच्या आम्ही! खोटे कशाला सांगावे, फार आवडले. बोटे काढल्यावर चेहरा पुन्हा खाली आला तेव्हा पोटात काहीतरी तुटल्यासारखे झाले. ते आम्ही घरी कुणाला सांगितले नाही, येथे लिहीत आहोत.

डॉक्टरांनी मात्र बाजू लपवली नाही. दोरा साधारण सहा ते आठ महिन्यांत विरघळतो. त्याच्याभोवती शरीर थोडे नवे कोलॅजेन धरते, त्यामुळे परिणाम वर्षभर, फार तर दीड वर्ष टिकावा, कित्येकांचा त्याआधीच ओसरतो. सूज येते, निळे डाग पडतात, कधी नको तेथे खळी पडते, कधी दोऱ्याचे टोक बोटाला लागते, क्वचित पू होतो. काही दिवस तोंड मोठे उघडायचे नाही, उताणे झोपायचे. शिवाय आम्ही हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतो. तिच्यामुळे डाग अधिक पडणार आणि ती आपल्या मनाने थांबवायची नाही, हे त्यांनी बजावण्यापूर्वी आम्हीच म्हटले. खर्चाचा आकडा आमच्या दीड महिन्याच्या निवृत्तिवेतनाएवढा.

मग त्यांनी तोंड उघडायला सांगितले. डावीकडच्या खालच्या तीन दाढा बारा वर्षांपूर्वीच काढलेल्या. दुसऱ्यांना दात दाखवायला पाठवणाऱ्या बाईने स्वतःच्या दाढा बसवल्या नव्हत्या! दाढ गेली की तिच्याखालचे हाड हळूहळू झिजते आणि वरच्या मांसाचा आधार जातो. वयाने गालातली चरबीही आटते. "दोरा ओढू शकतो, भरू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. पाचोडच्या माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मोसंबी रस आटल्याने सुरकुतते, तिची साल ताणून काय होणार?

परतीच्या एस.टी.त आम्हांला कावसजीची आठवण झाली. कावसजी हा इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा मराठी माणूस. 1792 च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर पसरून रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळवली. क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनने ऑक्टोबर 1794 मध्ये तिचा वृत्तांत छापला, आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये ती करून दाखवली. आम्हां टाके घालणाऱ्यांना नवल वाटावे ते पुढेच आहे. त्या कारागिराने सांधा धरायला दोरा वापरलाच नाही. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकीवर एक बसवल्या.

नाक कापणे ही त्या काळी गुन्हेगाराला द्यायची शिक्षा आणि बेअब्रूची खूण. कावसजीने तर कुणाचे काही बिघडवले नव्हते. रस्त्याने जाणारा मात्र त्याच्याकडे पाहून काय समजत असेल? त्याचाही चेहरा त्याच्या वतीने खोटेच बोलत होता. या विचाराने आम्हांला आडूळपर्यंत धीर आला. पुढे लाज वाटली, कारण त्याचा हात कुणीच परत देऊ शकले नव्हते, आणि आम्ही ओठांच्या कोपऱ्यांचे दुःख घेऊन बसलो होतो.

दुसरेही एक आठवले. डॉ. अशोक दयालचंद यांच्या संस्थेने पाचोड परिसरात किशोरवयीन मुलींचा रक्तक्षय आणि लहान वयातली लग्ने यांवर वर्षानुवर्षे काम केले. ज्या मुलींचे लग्न लवकर झाले त्यांतल्या कित्येकींना आम्ही पस्तिशीत आजी झालेले पाहिले आहे. उन्हात निंदणी करून, मिसरी लावून त्यांचे चेहरे आमच्याआधी ओघळले. ऊन काय करते याचे एक छायाचित्र 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आले होते. 28 वर्षे मालमोटार चालवलेला 69 वर्षांचा माणूस, खिडकीकडची डावी बाजू म्हाताऱ्याची आणि उजवी त्यामानाने कितीतरी तरुण. आमच्या शेतातल्या बायांना सावलीची बाजूच नसते. त्यांना कुणी विचारले तर त्या दोरे घालून घेतील का? आम्हांला वाटते, पुष्कळजणी घेतील, आणि त्यांना हसण्याचा अधिकार कुणालाही नाही.

लग्नापूर्वी दोरे घातले नाहीत. दाढांसाठी हाडात खिळे बसवून घेतले. ते रुजायला तीन-चार महिने लागतात, तेव्हा जानेवारीत ना दाढा होत्या ना दोरे. लग्नाच्या छायाचित्रांत आम्ही बहुतेक ठिकाणी सुनेवर रुष्ट दिसतो. सुनेने ती पाहिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही त्या दिवशी किती हसत होतात, एकातही आलं नाही बघा." तिला ते हसणे दिसले होते तर! भाची अजून फोनवर विचारते. दाढांवर टोपण बसले की चेहरा पुन्हा दाखवायला या, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि आम्ही जाणार आहोत. तोवर बाजारात आधी तोंडाने बोलतो, मग पिशवी पुढे करतो.