चिमणी जागेवर राहावी म्हणून

मी मॅचमूव्हचं काम करतो. कॅमेरा प्रत्यक्षात कसा हलला, किती उंचीवर होता, कुठे वळला, कुठे थबकला, हे चित्रित झालेल्या दृश्यावरूनच शोधून काढायचं आणि तस्साच हलणारा कॅमेरा संगणकात उभा करायचा. त्या कॅमेऱ्यातून पाहिलेली, संगणकात घडवलेली वस्तू मग खऱ्या दृश्यात घट्ट बसते. कॅमेरा कितीही फिरला तरी ती जागची हलत नाही. या कामाचा शेवटचा टप्पा एक्स्पोर्टचा. शोधलेला कॅमेरा, सरळ केलेली चित्रं आणि लेन्सचा हिशेब पुढच्या माणसाच्या हाती सोपवायचा. अनेकांना हा टप्पा म्हणजे एक बटण दाबणं वाटतं. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल तिथेच लागते, असं माझं मत आहे. लालबागच्या एका शॉटने ते पक्कं केलं.

मराठी चित्रपट होता, काळ गिरणी संपाचा. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि गिरणगावाचा चेहरा पुढे कायमचा बदलला. आमच्या शॉटमध्ये संपाच्या आदल्या दिवसांतली एक सकाळ होती. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतून नायिका चालत येते, कॅमेरा तिच्याबरोबर सरकत सरकत वळतो आणि कौलांपलीकडे गिरणीची चिमणी धूर सोडताना दिसते. आज त्या दिशेला काचेचे टॉवर आहेत. ते पुसून तिथे चिमणी उभी करायची होती. शॉट बारा सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला चोवीस या हिशेबाने २८८ फ्रेमचा.

शूटिंगच्या दिवशी आम्ही मंडळी पहाटेच पोचलो. टेप आणि लेझर मीटर घेऊन गॅलरी मापली: कठड्याची उंची, दोन खांबांमधलं अंतर, दारांच्या चौकटी, समोरच्या पत्र्याच्या शेडची टोकं. कॅमेरा ॲरी अलेक्सा मिनी एलएफ, लेन्स २५ मिलिमीटरची. वहीत लेन्सचा क्रमांक, कॅमेऱ्याची उंची, फोकस कुठून कुठे गेला, सगळं टिपलं. चाळीतली माणसं कौतुकाने बघत होती. दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते आणि हलणारी वस्तू ट्रॅकिंगला, म्हणजे फ्रेमगणिक स्थिर बिंदू धरून ठेवण्याला, दगा देते.

‘‘काकू, एवढे कपडे तासभर आत घ्याल का?’’ मी विचारलं.

‘‘घेते की. पण पिक्चरमध्ये चाळ रिकामी दिसेल हो. चाळीला कपड्यांशिवाय शोभा नाही,’’ काकू म्हणाल्या.

दिग्दर्शकांनाही ते पटलं आणि कपडे राहिले. मी ट्रॅकिंगसाठी कठड्याचे सांधे, खिळे आणि शेडचे कोपरे धरायचे ठरवले.

चिमणी नेमकी कुठे दिसायची, हे सांगायला चाळीतले आप्पा होते. त्यांची हयात गिरणीच्या त्रासन, म्हणजे सूतकताईच्या, खात्यात गेली, संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. कठड्याला टेकून त्यांनी हात केला. ‘‘तो मोठा टॉवर दिसतो ना, त्याच्या अलीकडे. पाण्याच्या टाकीच्या उजव्या अंगाला. आणि बारीक नको करू रे, चांगली जाड होती.’’ मी टाकीचा तो कोपराही मापून ठेवला.

मापं इतकी का घ्यायची, याचं कारण सांगायला हवं. एकट्या कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यावरून सॉफ्टवेअर कॅमेऱ्याची हालचाल काढतं, पण जगाचा आकार त्याला कळत नाही. पन्नास मीटरची चिमणी दूर ठेवली काय आणि पन्नास सेंटिमीटरची जवळ ठेवली काय, त्याच प्रमाणात कॅमेऱ्याची चाल लहान केली की लेन्समधून दोन्ही सारख्याच दिसतात. सॉल्व्ह, म्हणजे अशी काढलेली हालचाल, निर्दोष, चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत, तरीही सगळं जग खेळण्याएवढं असू शकतं. चिमणी त्यातही खपून जाते, धूर मात्र खपत नाही. धुराचं गणित गुरुत्वाकर्षण आणि खरं अंतर धरून चालतं. माप चुकलं की गिरणीचा धूर उदबत्तीच्या धुरासारखा वळवळतो. म्हणून दोन खांबांमधलं खरं अंतर सॉल्व्हला सांगायचं, आणि एक्स्पोर्ट करताना एकक कोणतं धरलं तेही लिहायचं. एका सॉफ्टवेअरमध्ये एक म्हणजे मीटर असतो, माया नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंटिमीटर. एकात वरची दिशा वाय असते, दुसऱ्यात झेड.

सॉल्व्ह लवकर झाला. खरं काम त्यानंतरचं.

लेन्स सहसा सरळ रेषा अगदी सरळ ठेवत नाही. रुंद लेन्समध्ये चाळीचा कठडा फ्रेमच्या कडेला किंचित वाकतो. संगणकातला कॅमेरा मात्र नितळ सरळ बघतो. दोघांचा मेळ घालायला आधी मूळ चित्राची एक प्रत सरळ करायची. सरळ करताना कडा बाहेर ताणल्या जातात, म्हणून चित्राचा आकार वाढवून घ्यायचा, त्याला आम्ही ओव्हरस्कॅन म्हणतो. त्या सरळ जगात चिमणी रेंडर करायची आणि शेवटी तिलाच लेन्सइतकी वाकवून मूळ चित्रावर बसवायची. मूळ चित्राला शक्यतो हात लावायचा नाही, कारण पिक्सेल एकदा जागचे हलवले की थोडी धार जातेच.

हे वाकवणं सांगणारी फाइल म्हणजे एसटी मॅप. दिसायला ते लाल-हिरव्या छटांचं चित्र असतं, पण ती छटा म्हणजे पत्ता आहे. लाल आकडा आडवी जागा सांगतो, हिरवा उभी, दोन्ही शून्य ते एकच्या दरम्यान. प्रत्येक पिक्सेल सांगतो की माझा रंग सरळ चित्रातल्या अमुक जागेवरून आणा. फोकस बदलला की लेन्सचं वाकणंही बदलतं, म्हणून आमच्या शॉटला प्रत्येक फ्रेमचा वेगळा मॅप होता.

पुढच्या माणसाला दिलेल्या पॅकेटमध्ये काय काय गेलं ते सांगतो. मूळ ईएक्सआर फाइलींवरून सरळ केलेली चित्रं. ट्रॅकिंग मी हलक्या जेपीइजी प्रतींवर करतो, पण पुढे देताना रंग आणि उजेड मूळचाच हवा. सेन्सरचं माप ३६.७० गुणिले २५.५४ मिलिमीटर, कारण ते चुकलं तर फोकल लेन्थचा आकडा बरोबर असूनही दृश्याचा कोन चुकतो. कॅमेरा एफबीएक्स आणि अलेम्बिक अशा दोन रूपांत, ट्रॅक केलेले बिंदू, मापलेली गॅलरी. फ्रेमचे आकडे १००१ ते १२८८. शॉट १००१पासून सुरू करण्याची रीत आमच्याकडे रूढ आहे: शॉट नंतर सुरुवातीच्या बाजूने वाढवावा लागला तरी आकडा उणे होत नाही आणि सगळी नावं चार अंकी राहून ओळीने लागतात. शेवटी एसटी मॅप, प्रत्येक आकडा ३२ बिटचा.

कॉम्प, म्हणजे सगळे थर एका चित्रात जुळवण्याचं काम, पुण्यात होणार होतं. काही दिवसांनी तिथल्या कंपोझिटर मुलीचा फोन आला.

‘‘दादा, चिमणी बसत नाहीये. फ्रेममध्ये येते तेव्हा डावीकडे असते, तिथे छान दिसते. कॅमेरा फिरून ती उजवीकडे गेली की विटांच्या रेघांना पायऱ्या पडतात आणि कडा लुकलुकते.’’

ट्रॅक घसरला असता तर चिमणी सबंध सरकली असती. इथे ती जागेवर होती, पण तिची कड तुटत होती, आणि तीही एकाच बाजूला. मी तिला म्हटलं, ‘‘अगं, एसटी मॅप उघड, कर्सर अगदी डावीकडे ने आणि एकेक पिक्सेल पुढे सरकत लाल आकडा वाच.’’

ती वाचत गेली. डाव्या कडेला प्रत्येक पिक्सेलला आकडा बदलत होता.

‘‘आता उजवीकडे.’’

‘‘दोन पिक्सेलना एकच आकडा येतोय. पुढच्या दोघांना पण एकच. इथे तर तीन सारखे आहेत, दादा.’’

दुखणं कळलं. मॅप ३२ बिटचा राहिला नव्हता, वाटेत १६ बिटचा झाला होता. चित्रांसाठी १६ बिटचा ईएक्सआर उत्तम, जगभर चालतो. पत्त्यासाठी तो पुरत नाही. या प्रकारच्या आकड्यांत शून्याजवळ बारकावा जास्त असतो आणि एककडे जाताना कमी होतो. अर्धा ते एक या टप्प्यात त्याला फक्त १०२४ वेगळे आकडे लिहिता येतात. आमचं चित्र ४४४८ पिक्सेल रुंद, म्हणजे उजव्या अर्ध्यात २२२४ पिक्सेल. तेवढ्यांना पत्ते द्यायचे आणि पत्ते १०२४च. दोघातिघांनी एकाच घरी जायचं ठरलेलं. डाव्या कडेकडे पत्ते पुरत होते, म्हणून तिथे चिमणी स्वच्छ.

एकेका मॅपचा कच्चा आकार शंभर एमबीच्या वर, आणि असे २८८. जागा वाचवायला मधल्या टप्प्यावर सगळ्या ईएक्सआर फाइली हलक्या करणारी स्क्रिप्ट चालत होती. तिने चित्रं आणि मॅप यांत भेद केला नाही. तिचा हेतू रास्तच होता. पण फाइलीचं नाव तेच, शेपूट तेच, उघडून पाहिलं तर छटाही त्याच, मग आतला बारकावा गेलाय हे डोळ्यांना कळणार कसं? मॅप ३२ बिटमध्ये पुन्हा गेले, फोल्डरला वेगळं नाव दिलं, हलक्या करण्याच्या यादीतून तो फोल्डर वगळला. चिमणीच्या विटा सरळ झाल्या.

चित्र जागेवर ठेवण्याची ही धडपड जुनी आहे. मी नायगावात राहतो आणि दादर स्टेशनला जाताना दादासाहेब फाळके रस्ता लागतो, जुना दादर मेन रोड. फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, त्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं. कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली मिळायची. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दादरच्या घरी अंधारात ती भोकं पाडत. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून हे काम. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं लागतात. भोकांमधलं अंतर जरासं चुकलं तर पडद्यावर चित्र थरथरणार. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा प्रेक्षकांना राजा दिसला, राणी दिसली, भोकं कुणालाच दिसली नाहीत. चित्र जागेवर ठेवण्याचं काम मुंबईत तेव्हापासून चालू आहे, आणि त्याची सुरुवात करणाऱ्यांत एक बाई होत्या, याचा मला अभिमान वाटतो. आमचे एसटी मॅप ही त्याच कामाची आजची पायरी आहे, असं मी मनापासून मानतो.

चित्रपट लागून गेला. मध्यंतरी त्या चाळीची पुनर्विकासाची कागदपत्रं पुढे सरकली आणि बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात हलू लागली. तेव्हा मला आमच्या फोल्डरची आठवण झाली. त्यात ती गॅलरी सेंटिमीटरपर्यंत मापलेली होती, दरवाजे, खांब, कठडे जागच्या जागी. लेन्सचा वाक काढलेली चित्रं होती, ज्यांवरून माप घेता येईल. निर्मात्यांची परवानगी घेऊन मी सरळ केलेली काही चित्रं आणि गॅलरीचा मापांसह आराखडा चाळीच्या कमिटीला दिला. आप्पांनी आराखडा नीट निरखला आणि आपल्या खोलीच्या दाराची रुंदी मला वाचून दाखवली. माप बरोबर होतं.

फाळक्यांचे बहुतेक चित्रपट आज आपल्याकडे नाहीत. आपल्या हार्ड डिस्कवरचं काम त्याहून टिकाऊ आहे, असं समजण्याचं काही कारण नाही. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या जुन्या फाइली नाकारतात, कंपन्या विकल्या जातात, परवाने संपतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं त्याच्याच फाइलीत सगळं ठेवलं तर काम त्या सॉफ्टवेअरच्या आयुष्याला बांधलं जातं. म्हणून मी खुल्या रूपांचा आग्रह धरतो. ईएक्सआर २००३पासून सर्वांना खुलं आहे, अलेम्बिकही खुलं आहे. त्यांच्याबरोबर साध्या मजकुराची एक फाइल हवीच: कॅमेरा, सेन्सर, लेन्स, फ्रेमचे आकडे, एकक, वरची दिशा, रंगाची पद्धत, किती बिट, आणि जागेवर घेतलेली मापं. ती कोणत्याही यंत्रावर उघडते.

क्लासमधून आमच्याकडे येणाऱ्या मुलांचा सॉल्व्ह सुरेख असतो. चूक पाव पिक्सेलवर आणतात आणि खुशीत एक्स्पोर्ट दाबतात. त्यांना मी आधी पॅकेट बांधायला शिकवतो. गॅलरीच्या जमिनीवर चौकटींची जाळी आणि बिंदूंवर शंकू ठेवून ते सगळं लेन्सइतकं वाकवायचं, मूळ चित्रावर घालून छोटी फिल्म करायची आणि तीही सोबत पाठवायची, म्हणजे समोरच्याला काय दिसायला हवं ते कळतं. मग सगळं पॅकेट दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कोऱ्या सीनमध्ये स्वतः उघडायचं आणि डावी कड, उजवी कड, पहिली फ्रेम, शेवटची फ्रेम तपासायची. तिथे चिमणी जागेवर उभी राहिली, तरच ते पुण्याला जातं.