बुटक्या कॅप्टनचा ताठ कणा

बँकेच्या तिजोरीच्या खोलीत दोन प्रौढ माणसं शेजारी शेजारी बसली आहेत. दोघांच्या मांडीवर मिळून एक न फुटलेला जर्मन बॉम्ब! जरा हललं की संपलंच. तरीही त्यातला बुटका, जाड, चष्मेवाला गृहस्थ आपला साहेबी रुबाब सोडायला तयार नाही. हाताखालच्या माणसासमोर घाबरलेलं दिसायचं कसं?

हे कॅप्टन मॅनरिंग. (इंग्रजीत लिहितात मेनवेअरिंग आणि म्हणतात मॅनरिंग; साहेबाच्या भाषेचे हे लाड चालायचेच.) बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचे नायक. भूमिका आर्थर लो यांची. १९६८ ते १९७७ या काळात मालिकेचे ८० भाग झाले आणि सारं ब्रिटन या माणसाला हसलं.

हसण्याचा विषय मात्र साधा नव्हता. मे १९४०मध्ये हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्या होत्या. इंग्लंडवर त्या कधी उतरतील याचा नेम नव्हता. १४ मे रोजी मंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून हाक दिली, की सैन्यात नसलेल्या १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी गावच्या रक्षणासाठी पुढे यावं. लाखो आले. दुकानदार, कारकून, पेन्शनर. बंदुका पुरेनात, तेव्हा काहींनी चक्क झाडूच्या दांड्यांवर कवायत केली. हेच पुढचे ‘होम गार्ड’. लेखक जिमी पेरी पोरवयात त्यांच्यात होते. नंतर सैन्यात गेल्यावर ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत आले आणि तिथे जवानांच्या करमणुकीचे कार्यक्रम करू लागले. त्या दिवसांवरही त्यांनी पुढे डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह एक मालिका लिहिली. ‘डॅड्स आर्मी’ही याच जोडीची.

गंमतीची खरी मेख युद्धात नाही, खानदानात आहे. मॅनरिंग साध्या घरातून वर आलेले बँक मॅनेजर. त्यांच्या हाताखालचा विल्सन बड्या घरातला, बड्या शाळेतला, देखणा. पलटणीत मात्र सार्जंट. हुकूम सुटला, की हे शहाणपणाचं आहे ना, एवढंच तो मऊ आवाजात विचारतो. बस्स! साहेबांचा चेहरा पडतो, मग ताठ होतो, मग लाल. तोंडातून शब्द न काढता लो हे सगळं दाखवत. जॉन ल मेझरर यांचा विल्सन तेवढाच तोलाचा होता, म्हणूनच ही जुगलबंदी जमली.

१९७३चा एक प्रसंग तिकडे आजही सांगून हसतात. पकडलेला जर्मन अधिकारी सूड घेण्यासाठी एकेकाचं नाव टिपून घेत असतो. पोरगेलासा पाइक हिटलरची टवाळी करतो. अधिकारी त्याचं नाव विचारतो. कॅप्टनसाहेब घाईने पाइकला बजावतात, सांगू नकोस, आणि ते बजावताना त्याचं नावच घेऊन बसतात!

लो यांनी मॅनरिंगना विदूषक मात्र कधी होऊ दिलं नाही. स्वतःची पँट उतरवण्याचा प्रसंग करणार नाही, असं त्यांनी करारातच घालून घेतलं होतं, असं सांगतात. हा हट्ट कॅप्टनलाही शोभला असता. माणूस जितका गंभीर, तितका हशा मोठा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच १९७०च्या एका भागात हे विवाहित कॅप्टनसाहेब एका बाईंमध्ये गुंततात, त्या गाव सोडून निघतात आणि साहेब रेल्वे स्टेशनवर त्यांची मनधरणी करतात, तेव्हा हसू घशात अडकतं. घरची बायको तर मालिकेत कधी पडद्यावर दिसलीच नाही.

आणि हा माणूस पळत नाही! आढ्यतेखोर आहे, चुकतो, फजीत होतो. पण जर्मन आलेच तर हा पहिला पुढे होईल याविषयी पाहणाऱ्याला शंका उरत नाही. शेवटच्या भागात कुणीतरी या म्हाताऱ्यांना हिणवतं, तुमचा काय उपयोग होणार म्हणून. तेव्हा ते वाद घालत नाहीत. होम गार्डच्या नावाने प्याले उंचावतात, थेट प्रेक्षकांकडे पाहत.

लो यांच्यावर या भूमिकेचा शिक्का कायमचा बसला, पण नाटक सुटलं नाही. एप्रिल १९८२मध्ये बर्मिंगहॅमच्या अलेक्झांड्रा थिएटरमध्ये प्रयोगाआधी रंगपटातच ते कोसळले आणि पहाटे गेले. वय ६६.

पाइक झालेले इयन लॅव्हेंडर फेब्रुवारी २०२४मध्ये वारले. पलटणीतल्या प्रमुख कलाकारांपैकी ते शेवटचे. मालिकेचं बाहेरचं चित्रण जिथे झालं, त्या थेटफर्ड गावी २०१०पासून ब्राँझचे मॅनरिंग गणवेशात बाकावर बसले आहेत. येणारे-जाणारे शेजारी टेकतात, फोटो काढतात. साहेब समोर बघत असतात.