पेन्सिलीची अक्षरं

रोह्याच्या बासरीवाल्या दादांवर मी दोन वर्षं मनातल्या मनात धुसफुसत होतो. कारण क्षुल्लक. मी लिहून दिलेल्या स्वरलिपीवर ते पेन्सिलीने आपली अक्षरं लिहीत. मी पेणमध्ये पेटी शिकवतो, गाण्यांच्या कार्यक्रमांना वाद्यवृंद बसवतो. माझ्या कागदावर कुणी गिरगटलेलं मला खपत नाही.

माझा नियम पक्का होता. पांढरी एक म्हणजे सा. गाणं कुठल्याही पट्टीत असो, जो सूर वाजतो तोच कागदावर. कीबोर्ड, व्हायोलिन, बासरी, सगळ्यांना एकच कागद. हेच शास्त्रशुद्ध, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

दादांकडे पांढरी तीनची लांब बासरी. पन्नालाल घोषांनी मैफलीत रुजवलेली, गंभीर आवाजाची. तिची भोकं इतकी दूर की बोटं ताणूनच ठेवावी लागतात. वरची तीन बंद केली की सा. माझ्या कागदावर मात्र तो ग. त्यांचा साधा ‘सा रे ग म’ माझ्या लेखी ‘ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध’. पुढच्या गाण्याला पांढरी पाचची बासरी घेतली की बोटं तीच, सा तोच, पण कागदावर प! एका कार्यक्रमात पेन्सिल फिरवायला वेळ मिळाला नाही आणि अंतऱ्याआधीचा तुकडा त्यांच्या हातून सुटला. रियाज कमी पडतोय, असं मी ठरवून मोकळा झालो.

एकदा पेण स्टेशनवर त्यांना रोह्याच्या गाडीत बसवून द्यायला गेलो होतो. गाडीला वेळ होता. त्यांनी पिशवीतून दोन्ही बासऱ्या काढल्या. “मास्तर, तीन बोटं ठेवा नि फुंका.” आधी नुसतीच हवा, मग कसाबसा सूर. दुसरी घेतली. तीच बोटं, सूर वेगळा. “तुमचा कागद पेटीसाठी लिहिलेला असतो,” ते म्हणाले, “माझ्या बोटांनी काय वाचायचं?” गाडी आली, ते गेले.

घरी येताना ऑल्टो फ्लूट आठवला. थिओबाल्ड बोएम यांनी १८५० च्या दशकात घडवलेलं वाद्य. वादक कागदावरचा सी नेहमीच्याच बोटांनी वाजवतो; ऐकू येतो त्याखालचा जी. आपल्या भाषेत, सा लिहावा आणि मंद्र पंचम वाजावा. गणित लिहिणाऱ्याने करायचं, वाजवणाऱ्याने नाही. आणि त्यासाठी युरोपात तरी कशाला जायचं? भातखंडे काय, पलुसकर काय, दोघांच्याही लिपीत सा फिरताच आहे. मुलांकडून भातखंडे लिपी गिरवून घेणारा मी, एकच कागद काढायची माझी सोय शास्त्र म्हणून खपवत होतो. आळस माझा होता, रियाज त्यांचा काढत होतो.

माझ्या स्वतःच्या वहीत अजूनही पांढरी एकच सा आहे. कुठलं वाद्य कुणाच्या सुरावर आदळतंय, ते तिथेच दिसतं. बासरीचा कागद मात्र वेगळा. माथ्यावर लिहितो : ‘पांढरी तीन, सा तीन बोटांवर’. कारण सगळी भोकं बंद केली की याच बासरीतून पांढरी सात निघते, आणि काही जण बासरीला त्या सुरावरून ओळखतात.

गेल्या गणपतीत असा पहिला कागद दादांना दिला. त्यांनी तो स्टँडला लावला, एकदा वरून खाली पाहिला आणि बासरी उचलली. पेन्सिल खिशातच राहिली.